माग, पुरावा आणि आपला वाचक

मराठी कादंबरीचे जे इतिहास आपल्या महाविद्यालयांतून शिकविले जातात, त्यांत रहस्यकथेच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली, ही संख्या त्यात कौतुकाने सांगितली जाते. त्यावर 'रंजनप्रधान' असा शिक्का मारला जातो आणि इतिहासकार पुढच्या, गंभीर समजल्या जाणाऱ्या प्रकरणाकडे वळतो. ती हजार पुस्तके कोणी वाचली आणि वाचून त्यांच्याविषयी काय मत बनविले, याची चौकशी कोणी करीत नाही. मत असण्याचा अधिकार समीक्षकाचा; वाचकाला फक्त चटक असते, अशी एक समजूत या मौनामागे आहे.

मी इतिहास शिकवितो. साहित्याचा प्राध्यापक नव्हे. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. परंतु घरातला पहिला वाचक मी नव्हे. तो मान वडिलांचा. ते सातवी पास, कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते. त्यांनी आयुष्यात स्वखुशीने जी पुस्तके वाचली, त्यांत दहांत नऊ रहस्यकथा होत्या. तेव्हा 'आपल्या समाजाने वाचनाची सुरुवात कोठून केली?' या प्रश्नाचे माझ्या घरापुरते उत्तर 'अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक' असे आहे. ते सांगताना पूर्वी मला संकोच वाटे, कारण आपल्याकडच्या सभांतून पहिले पुस्तक म्हणून वेगळी नावे सांगावयाची रीत आहे. गेली काही वर्षे मी वस्तीतल्या, फौंड्रीतल्या, बंद पडलेल्या शाहू मिलमधल्या वयस्क माणसांशी या पुस्तकांविषयी बोलत आलो आहे. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडावयाचे आहे.

प्रथम कोल्हापुरातील अक्षराचा हिशेब पाहू. येथील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. महाराष्ट्रातील जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. परंतु १८५० साली ग्रंथालय ही ज्यांच्या घरात अक्षर आधीच होते त्यांची सोय होती. आपल्या दारात अक्षर आले ते शाहू महाराजांमुळे. १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला. या हुकुमांची फळे एका वर्षात येत नसतात. दोन पिढ्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर चौथी-सातवी झालेला, वर्तमानपत्र अडखळत न अडखळता वाचू शकणारा एक वर्ग वस्त्यांतून उभा राहिला. त्याला नोकरी फौंड्रीत, मिलमध्ये, नगरपालिकेत. त्याच्या हातात अक्षर होते. त्या अक्षराने वाचावयाचे काय?

त्या काळचे कोल्हापूर साहित्याच्या दृष्टीने दरिद्री नव्हते. ना. सी. फडके राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. वि. स. खांडेकरांचे उत्तरायुष्य याच शहरात गेले आणि 'ययाति'साठी १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही त्यांना येथेच असताना मिळाला. पण फडक्यांचा नायक ज्या दिवाणखान्यात बसून प्रेम करी, त्या दिवाणखान्यात आमचा माणूस गेला तर सारवावयास किंवा रंग द्यावयास. खांडेकरांच्या ध्येयवादात गरिबाविषयी कळवळा होता; मात्र तो गरीब बोलू लागला की मास्तरांच्या भाषेत बोले. नव्या वाचकाला ही पुस्तके कळत नव्हती असे नाही. त्यांत त्याला शिरावयाला दार सापडत नव्हते.

दार सापडले ते भाड्याच्या वाचनालयात. आजच्या तरुण वाचकांनी अशी वाचनालये पाहिलेली नसतील. बाजारातल्या एखाद्या बोळात फळकुटांची मांडणी, तिच्यावर खाकी कागदाची कव्हरे घातलेली खिशात मावणारी पुस्तके. थोडे डिपॉझिट ठेवावयाचे आणि दिवसाला काही पैसे भाडे. पुस्तक ठेवून घेतले तर भाडे चढते, म्हणून रात्रीत वाचून काढावयाचे. वडील सांगत की त्या दुकानदाराने कधी आडनावाचा अर्थ विचारला नाही. डिपॉझिट मोजून घेतले. ज्या माणसाला देवळापासून पाणवठ्यापर्यंत सगळीकडे आधी जात सांगावी लागली, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती.

येथे एक विसंगती नोंदवून ठेवतो. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कादंबरीचे तंत्र शिकविले. कथानकाची गुंतागुंत, वाचकाची उत्कंठा, तिचा चढ आणि उकल यांचा त्यांनी पुरस्कार केला. हे तंत्र सर्वांत निष्ठेने कोणी पाळले असेल तर ते रहस्यकथाकारांनी. तरीही तंत्राचा गौरव करणाऱ्या अभिरुचीने रहस्यकथेला पंगतीला बसविले नाही. म्हणजे आक्षेप तंत्राला नव्हता. तो पुस्तकाच्या किमतीला, कागदाला आणि ते ज्या हातांत जात होते त्या हातांना होता, असे मला वाटते. पुढे आपल्या बाजूच्या समीक्षेनेही या पुस्तकांना 'पलायनवादी' म्हणून बाजूला सारले. प्रस्थापितांनी ज्याला हलके म्हटले त्याला आपण प्रतिगामी म्हटले. दोघांनीही वाचकाला विचारले नाही.

वाचकाला विचारले असता काय ऐकावयास मिळते?

अर्नाळकरांच्या रहस्यकथा वडिलांना का आवडत, हे मी त्यांना एकदा सरळ विचारले. झुंजार, काळापहाड ही नावे त्यांच्या तोंडी असत. धनंजय आणि छोटू यांच्या गोष्टी त्यांना पाठ होत्या. ते म्हणाले, "पुस्तकात खून कुणी केला ते शेवटच्या पानाला कळतं. आपल्यात पोलिसाला ते पहिल्या पानालाच ठाऊक असायचं." त्यांनी हे हसत सांगितले. माझ्या दृष्टीने मराठी रहस्यकथेवर झालेली ही महत्त्वाची समीक्षा आहे आणि तिचा अर्थ कळण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागते.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह सर्वत्र नेली. या कायद्याप्रमाणे जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येई. माणसांची नोंद ठेवावयाची, बोटांचे ठसे घ्यावयाचे, हजेरी लावावयाची, परवान्यावाचून गाव सोडू द्यावयाचे नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत केली गेली. मूल जन्माला आले की त्याचा गुन्हा सिद्धच असे; तपास करावयाचा उरत नसे. कोल्हापूर संस्थानातही काही जातींना हजेरी होती. महार, मांग, रामोशी, बेरड यांची ही हजेरी शाहू महाराजांनी १९१८ साली बंद केली. इंग्रजांचा कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकला. म्हणजे देश स्वतंत्र झाला, राज्यघटना अमलात आली, तरी ही माणसे आणखी दोन-अडीच वर्षे जन्माने गुन्हेगार राहिली. त्यानंतरही सराईत गुन्हेगारांसाठीच्या निराळ्या कायद्याच्या नावाने संशयाची नजर त्यांच्यावर कायम राहिली.

आता त्याच शतकातील दुसरी गोष्ट पाहा. १८४१ साली एडगर ॲलन पो याने पहिली गुप्तहेरकथा लिहिली. १८८७ साली कॉनन डॉईलचा शेरलॉक होम्स अवतरला. या कथांचा गाभा असा की दिसतो तो गुन्हेगार नसतो; ज्याच्यावर सर्वांचा संशय तो निर्दोष निघू शकतो; केवळ पुराव्याने अपराध ठरतो. इंग्लंडचा वाचक हे तत्त्व गोष्टीतून शिकत होता आणि त्याचे सरकार येथे जातीवरून अपराध ठरवीत होते. बोटांच्या ठशांचे शास्त्रही येथेच हिंदुस्थानी माणसांवर आधी पक्के झाले. कलकत्त्यात ठशांची कचेरी १८९७ साली निघाली. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात ती १९०१ साली आली.

मराठी रहस्यकथा याच कुळातून इकडे आली आणि अर्नाळकरांच्या हाती तिने मुंबईचे कपडे घातले. त्या बंगल्यांत खून होत. आधी संशय कोणावर? नोकरावर, माळ्यावर, ड्रायव्हरवर. शेवटी अपराधी कोण? धनिकाचा पुतण्या, भागीदार, डॉक्टर, एखादा प्रतिष्ठित गृहस्थ. मोल्डरचे काम करून आलेला माणूस रात्री चिमणीच्या उजेडात हे वाचतो आणि शंभराव्या पानावर नोकर सुटतो, शेठ पकडला जातो. समीक्षक याला पलायन म्हणतील. मला ते एक शिक्षण वाटते. प्रतिष्ठितावर संशय घेता येतो आणि गरिबाचा अपराध पुराव्यावाचून मानावयाचा नसतो, हे दोन धडे या पुस्तकांनी स्वस्तात दिले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ते होतेच. पण तेथे ते परीक्षेपुरते होते.

भाड्याच्या पुस्तकांची शेवटची पाने पुष्कळदा फाटलेली असत. याविषयी मला एकाहून अधिक जणांनी एकच हकीकत सांगितली. पाने नसली की वाचणारा मोठ्याने वाचणे थांबवी आणि ऐकणारे आपापसांत निवाडा करीत. कोण केव्हा घरात होता, कोणाला फायदा होता, कोण खोटे बोलला, यावर तासभर वाद चाले. ज्यांना कोणत्याही गावपंचायतीत बसावयास मिळाले नव्हते अशा माणसांची ती पंचायत होती आणि साक्षीपुरावा तपासून निकाल देण्याची ती सवय होती. एका निवृत्त मिल कामगाराने सांगितले की त्यांच्या चाळीत निकाल बहुतेक मुनीमजीच्या विरुद्ध जाई. का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "हिशेब त्याच्याकडं असायचा न्हवं."

परंतु सगळीच मते कौतुकाची नव्हती. सर्वांत कडक टीकाकार आमच्या घरातच होते. ते माझे आजोबा. त्यांना वाचता येत नव्हते. वडील वाचीत आणि ते ऐकत. तरुणपणी त्यांनी करवीर तालुक्यातील एका गावी तराळकी केलेली. त्या कामात काय काय येई ते त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात सापडते: दवंडी, सरकारी भरणा पोहोचविणे, आल्यागेल्याची वर्दी, बेवारस प्रेताची राखण, शिवेची माहिती. चोरीचा माग काढणे हे प्रामुख्याने रामोशी-जागल्याचे काम. पण रात्री फिरणाऱ्या तराळालाही ते कळावे लागे. गुप्तहेर मोटारीतून उतरून खिडकीखालची पावले पाहतो, असा प्रसंग आला की आजोबा वैतागत. वडिलांनी त्यांचे शब्द मला अनेकदा सांगितले: "दवात माग उमटतोय, उनात पुसतोय. ह्यो दुपारी बाराला येतोय आणि त्येला पाय दिसत्यात व्हय? आणि नुसतं पाऊल बघून काय व्हतंय? जातानाचं आणि येतानाचं दोन्ही बघाय पायजे. वझं असलं की टाच खोल रुतती."

हा विनोद म्हणून सोडून देण्यासारखा नाही. गावगाड्यात तपासाची विद्या कोणाजवळ होती, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. माती, पाऊल, वेळ, परका माणूस, प्रेत, शीव यांचे ज्ञान अस्पृश्य आणि तथाकथित गुन्हेगार जातींकडे होते. शिवेच्या भांडणात महाराची साक्ष निर्णायक मानीत. त्याच महाराला गावच्या आडावर पाणी भरता येत नव्हते. जमिनीबद्दल त्याचा शब्द खरा आणि माणूस म्हणून त्याची सावलीही नको, असा हा व्यवहार होता. कनिष्ठ वतने रद्द करण्याचा कायदा १९५८ साली झाला आणि ही बिगार संपली. संपली हे उत्तमच झाले. बाबासाहेबांनी महारवतनाविरुद्ध आयुष्यभर झगडा केला तो याचसाठी. परंतु त्या कामात साठलेली विद्या कोणी लिहून घेतली नाही. मराठी रहस्यकथाकाराला गुप्तहेर हवा होता तेव्हा त्याने लंडनकडे पाहिले. त्याच्या गावाच्या वेशीवर जो बसला होता तो त्याला दिसला नाही.

दिसला तो वेगळ्या रूपात दिसला. होम्सच्या कथांतच हा दोष आहे. १८९० च्या 'साइन ऑफ फोर'मध्ये अंदमानचा आदिवासी येतो तो विषारी काटे फुंकणारा, अर्धा पशू म्हणून. पुराव्याचे शास्त्र सांगणारा लेखकही वंशाचा प्रश्न आला की १८७१ च्या कायद्याच्या भाषेत बोलतो. मराठीत याची पुनरावृत्ती झाली. बंगल्यातला सूत्रधार गोरागोमटा असला तरी त्याच्या पदरचा गुंड काळाकभिन्न, राकट, लाल डोळ्यांचा असावयाचा. नायकांची नावे पाहा. सुहास शिरवळकरांचा मंदार पटवर्धन घ्या, भा. रा. भागवतांचा बनेश फेणे घ्या. ही पुस्तके मी आनंदाने वाचली आहेत आणि त्यांच्या लेखकांविषयी मला आदर आहे. परंतु कांबळे, साठे किंवा जाधव नावाचा गुप्तहेर माझ्या वाचनात आला नाही. कांबळे आला तर हवालदार म्हणून आला आणि साहेबांसाठी चहा आणावयास गेला.

माझ्या आत्याचे मत याहूनही बोचरे होते. भावाने आणलेली पुस्तके ती चोरून वाची. ती म्हणे, "पुस्तकात मेलेली बाई देखणीच असती आणि तिचा तपास लागतोच. आपल्यातल्या बायका हिरीत सापडत्यात, त्यांचा तपास कोण करतंय?" या प्रश्नावर मराठी रहस्यकथेकडे उत्तर नाही. अपराधी एक व्यक्ती असते, ती सापडली की जग पूर्ववत होते, हे या प्रकाराचे गृहीत आहे. जग पूर्ववत होण्यातच ज्यांचे मरण आहे, त्यांचे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. रहस्यकथेची मर्यादा म्हणावयाची तर ती ही. ती आमच्या घरातल्या, पाचवीत शाळा सुटलेल्या बाईने ओळखली होती.

भाड्याच्या त्याच मांडणीवर आणखी एका लेखकाची पुस्तके होती. त्याच आकाराची, त्याच कागदाची, त्याच वेगाने वाचली जाणारी. अण्णा भाऊ साठे यांच्या काही कादंबऱ्या कोल्हापूरच्या प्रकाशकांनीच छापल्या. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावचा, म्हणजे ज्या जातीला हजेरी होती त्या जातीतला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पुढच्याच वर्षी 'फकिरा' आली. बाबासाहेबांच्या लेखणीला ती अर्पण केलेली आहे. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वडिलांसारख्या वाचकाने काळापहाड परत करून 'फकिरा' घेतली आणि 'फकिरा' परत करून 'वारणेचा वाघ' घेतली. त्याच्या मते ही एकाच जातीची पुस्तके होती. समीक्षकांनी अण्णा भाऊंना अतिरंजित, भडक म्हणून जे नाक मुरडले त्याचे मूळ येथेच आहे.

पण या वाचकाला एक फरक बरोबर कळला होता. काळापहाड आणि झुंजारही कायदा चुकवून न्याय करीत. परंतु कायदा असा का आहे, हे ते विचारीत नसत. फकिरा खजिना लुटतो तेव्हा उपाशी माणसे समोर असतात आणि हजेरीचा अपमान मागे असतो. चोरी कोणी केली हे पहिल्यापासून उघड आहे. शोध घ्यावयाचा तो चोरी का करावी लागली याचा. आत्याच्या प्रश्नाची दिशा अण्णा भाऊंनी अशी धरली. पुढे लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने आली, दोहोंना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. तेव्हा तर ज्याच्यावर शतकभर संशय होता त्यानेच जबानी लिहिली. अर्नाळकरांपासून 'उचल्या'पर्यंतचा हा रस्ता वाङ्मयाच्या इतिहासात दोन वेगळ्या प्रकरणांत तोडला गेला आहे. वाचकाच्या हातात तो सलग होता.

हा सगळा जुना इतिहास झाला असे कोणी म्हणेल. तसे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीप्रमाणे कामे वाटून देणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांशी जोडणाऱ्या तरतुदींवरही तोच निकाल दिला. म्हणजे २०२४ पर्यंत सरकारी कागदात ती पहिल्या पानावरची ओळख शिल्लक होती. माझ्या वर्गात आजही अशी मुले आहेत, ज्यांच्या वस्तीत कोठेही चोरी झाली तरी गाडी आधी येते. ही मुले मोबाइलवर गुन्ह्यांच्या तपासाच्या मालिका आवडीने पाहतात. त्यांच्या आवडीला हसण्यापूर्वी, त्या पाहून त्यांचे मत काय होते ते विचारून घेतले पाहिजे.

म्हणून आपल्या महाविद्यालयीन मित्रांना एक विनंती आहे. बाबूराव अर्नाळकर १९९६ साली गेले, सुहास शिरवळकर २००३ साली, गुरुनाथ नाईक २०२१ साली. त्यांची पुस्तके रद्दीत गेली, वाचनालयांची दुकाने झाली. त्यांचे वाचक मात्र अजून काही आपल्यांत आहेत. माझे आजोबा आणि आत्या आता नाहीत. त्यांची मते माझ्यापर्यंत आली ती आठवणीच्या दोन-चार वाक्यांनी. प्रत्येकाने आपापल्या वस्तीतल्या एका तरी जुन्या वाचकाजवळ वही घेऊन बसावे. प्रश्न साधे आहेत. पुस्तक कोठून आणले, भाडे किती पडले, कोण वाचीत असे आणि कोण ऐकत असे, खुनी कोण निघावा असे वाटे, आणि का.